परवाना देताना घरातल्या बाईलाही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या अंकातला शस्त्र परवान्यांवरचा लेख वाचला. लगेच लिहायला बसणार होते, पण काल आमच्या भागात पाण्याचा दिवस होता. उजनी धरण भरलं तरी सोलापूरकराने दिवस मोजत पाण्याची वाट पाहायची, यावरही आपण लिहीत राहायला हवं. असो. एक दिवस गेला तरी राग काही कमी झालेला नाही.

लेखकांचं म्हणणं असं की सरळ माणसाला परवान्यासाठी हेलपाटे घालावे लागतात आणि गुंडाला गावठी कट्टा सहज मिळतो. ते मला मान्य आहे. डिसेंबर 2020 मध्ये करमाळ्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हा रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्यांच्या घरचे दारात जागे बसत होते. वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याने बंदूक मागितली तर त्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण सरळ कोण, हे ठरवायचं कसं? लेखकांनी ते एका वाक्यात उरकलं आहे: ज्याच्यावर गुन्हा नाही तो सरळ.

माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्यावर एकही गुन्हा नव्हता. रानडुकरं मका उद्ध्वस्त करतात म्हणून त्याने पीक संरक्षणासाठी बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना काढला. चौकशीला पोलीस आले. पोलीस पाटलांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, सातबारा पाहिला. बहीण आत चहा करत होती. तिला कुणी एक अक्षर विचारलं नाही.

दारू पोटात गेली की ती बंदूक खुंटीवरून खाली यायची. गोळी त्याने कधी झाडली नाही. बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसायचा आणि तिला समोर बसवून ठेवायचा, कधी कधी पहाटेपर्यंत. एकदा तिने काडतुसं ज्वारीच्या पोत्यात लपवली. त्याने चार पोती अंगणात ओतली, काडतुसं काढून घेतली आणि रात्रभर तिला ज्वारी परत भरायला लावली. सकाळी ती ठाण्यात गेली. पोलिसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली आणि सांगितलं, ‘‘बाई, त्याच्याकडे परवाना आहे, गोळीही उडालेली नाही. घरातलं भांडण घरात मिटवा.’’

मग लोकसभेची निवडणूक आली. 16 मार्च 2024 ला आचारसंहिता लागली आणि बंदूक जमा करण्याचा आदेश निघाला. त्याने मुकाट्याने नेऊन दिली. आपल्याकडे 7 मे रोजी मतदान झालं, 4 जूनला निकाल लागला, पुढच्या आठवड्यात बंदूक परत खुंटीवर. मधले दिवस त्या घरात सगळे झोपले. तिचा मला फोन आला, ‘‘ओ ताई, आता परत निवडणूक कधी हाय?’’

तिला काय उत्तर द्यायचं ते लेखकांनी मला सांगावं. मतदान शांततेत व्हावं म्हणून गावोगावच्या बंदुका गोळा करता येतात. एका बाईच्या जिवासाठी एक बंदूक का उचलता येत नाही? कायदा आड येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 17 मध्ये सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, धारक कोणत्याही कारणाने अयोग्य ठरला तरी करता येतो. 2019 च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. पाच वर्षांत माणूस कुठल्या कुठे जातो, मधे त्याच्या घरात डोकावायचं कुणी? बीडमध्ये संतोष देशमुखांची हत्या झाल्यावर परवान्यांची छाननी सुरू झाली. तेवढ्यासाठी एका सरपंचाचा जीव जावा लागला.

शस्त्राच्या हक्कासाठी लेखकांनी अमेरिकेचाही दाखला दिला आहे. तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क 1791 पासून संविधानात आहे. आपल्या संविधानात तसा हक्कच नाही; कलम 19 ने एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य दिलं तेसुद्धा ‘विनाशस्त्र’ असं बजावून. आणि त्या अमेरिकेत काय झालं? बहिणीच्या घरी बंदूक परत येऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा 21 जून 2024 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेक्ससच्या रहिमी नावाच्या माणसाच्या खटल्यात आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल दिला. जोडीदाराच्या जिवाला धोका आहे असं न्यायालयाने ठरवून ज्याला दूर राहायचा आदेश दिला, त्याला बंदूक बाळगायला मनाई करता येते. जिथे बंदूक हा मूलभूत हक्क आहे तिथे हे होतं. लेखकांनी अमेरिकेचं अर्धंच सांगितलं.

एक गोष्ट आपल्यालाही सांगायची आहे. आपल्या अंकात ‘किरकोळ कारणावरून पत्नीला धमकावले’ असं छापून येतं. भाजीत मीठ कमी पडणं किरकोळ असेल, बंदूक दाखवणं किरकोळ नाही. तो शब्द कृपा करून काढा.

त्यापेक्षा एक चौकट छापा. घरातल्या परवानाधारकाची भीती वाटत असेल तर लेखी अर्ज कुणाकडे द्यायचा? पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. बहिणीला हे कुणी सांगितलं नव्हतं, मलाही गेल्या महिन्यात कळलं. तिचा अर्ज मी हाताने लिहून दिला आहे. त्यावर सही करायला ती अजून घाबरते.

पत्र छापल्यास माझं नाव देऊ नये. तिच्या घरी आपला अंक येतो.

– एक वाचक, जुळे सोलापूर