पेट्रोलियम मंत्री साहेब, पाण्याखाली काय आहे ते तांडेलाला कळू द्या

मा. केंद्रीय पेट्रोलियम मंत्री,
स.न.वि.वि.

साहेब मी तासगावचा, जिल्हा सांगली. आमच्याकडं समुद्र नाही, पण धाकटा भाऊ बॉम्बे हायला, म्हणजे अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्रात, प्लॅटफॉर्मवर कामाला आहे, पंधरवडा तिकडं पंधरवडा घरी. आणि २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हापासून बोट बुडाली म्हटलं की आमच्या भागात पोटात गोळाच येतो.

भाऊ सांगतो, रात्री प्लॅटफॉर्मचे लाइट पाण्यावर पडले की बारका मासा गोळा होतो, त्याच्यामागं मोठा येतो, खाली लोखंडी पायांना कालवं चिकटलेली असतात तिथंही मासा धरून राहतो, मग मच्छीमार येणारच की! नियमानं ५०० मीटरच्या आत यायचं नाही. वायरलेसवर ओरडून सांगतात, नाही ऐकलं तर जहाज पाठवून हुसकावतात. नियम बरोबरच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. २७ जुलै २००५ ला समुद्र सुरक्षा हे जहाज रायझरवर, म्हणजे तळातून वर गॅस आणणाऱ्या उभ्या पाइपवर, आपटलं, गॅस पेटला, अख्खा मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म गेला आणि २२ माणसं गेली. ते तर कामावरचं जहाज होतं. उद्या एखादी मच्छीमार बोट इंजिन बंद पडून वाहत तिथं आली तर खलाशांचं काय?

पण प्लॅटफॉर्म निदान डोळ्याला दिसतो. तळाच्या पाइपलाइनी, बंद केलेल्या विहिरींची तोंडं, ती कुठं दिसतात? ट्रॉलचं, म्हणजे तळावरून ओढत न्यायचं जाळं त्यात अडकलं की तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, इंजिनाला जोर देतो, कारण जाळं कर्ज काढून घेतलेलं, ते कापायला हात धजत नाही. दोर ताठ होतो, बोटीचा मागचा भाग दबतो आणि एक लाट आत आली की संपलं. १९९७ ला उत्तर समुद्रात वेस्टहेवन नावाची स्कॉटलंडची बोट अशीच पाइपलाइनीत जाळं अडकून बुडाली, चार जण गेले. त्यानंतर तिकडं फिशसेफ नावाचं यंत्र आलं, पाइपलाइन जवळ आली की केबिनमध्ये अलार्म वाजतो.

आपल्याकडं अर्धं काम झालेलं आहे हो. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात १ लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर (उपग्रहामार्फत बोटीचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र) बसवायची ३६० कोटींची योजना सुरू झाली, त्यावर दोन्ही बाजूंनी मेसेज जातो. मग तुमच्या खात्यानं मत्स्य खात्याबरोबर बसून प्लॅटफॉर्म, पाइपलाइनी, जुन्या विहिरी सगळं त्यात टाकायला काय हरकत आहे, आणि इशारा मराठीत, गुजरातीत आला पाहिजे. सिक्युरिटीचं कारण सांगू नका, सागरी चार्टवर हे छापलेलं असतंच.

दुसरं, आणि मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, अडकलेलं जाळं कापून देणाऱ्याला भरपाई द्या, तीही चटकन, कागदपत्रांसाठी वर्षभर हेलपाटे न घालता. पैसे मिळणार ही खात्री असेल तरच तो कोयता उचलेल. १२ सागरी मैलांच्या पुढचा समुद्र केंद्राकडं आहे, त्यामुळं कृपया राज्याकडं ढकलू नका.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी बंदरात, तांडेल घरी. त्या दिवसांत सातपाटी, वर्सोवा, मढला प्लॅटफॉर्मवरची माणसं पाठवा, नकाशा पुढ्यात घेऊन बोलू द्या त्यांना. माझा भाऊ सुट्टीत यायला तयार आहे, तारीख तेवढी कळवा.

आपला,
एक तासगावकर