यशिका घ्यायच्या आधी एवढं वाच

चि. सुमेध,

काल तू फोनवर म्हणालास ना, आई मला पण तुझ्यासारखाच कॅमेरा घ्यायचाय, इथे एकाकडे यशिका-डी आहे, दहा हजार म्हणतोय, घेऊ का, तेव्हा गॅसवर दूध होतं म्हणून मी नुसतं थांब जरा म्हणून फोन ठेवला, पण दूध नसतं तरी एवढं सगळं फोनवर सांगता आलं नसतं. म्हणून लिहितेय. लांबेल, सावकाश वाच, आणि तो माणूस घाई करत असला तर त्याला म्हणावं रविवारी येतो. रविवारी दिवसाउजेडी जा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली जुना कॅमेरा बघायचा नाही.

माझा मी जुन्या बाजारातून आणला हे तुला माहितीय, पण कसा ते कधी बोललेच नाही. बाबांसाठी पितळी कुलूप बघायला गेले होते, गोणपाटावर वजनं, डायलचे फोन, पान्ह्यांचा ढीग, आणि त्यात हा, चामडं सोललेलं, पट्टा नाही. मी उचलला आणि वरचं झाकण उघडलं तर चारी पत्रे एकदम उभे राहिले, खट् करून. तो आवाज मी तीसेक वर्षांनी ऐकला. त्याने नऊ हजार सांगितले, साडेसहाला दिला, आणि खरं सांगते, त्याने नऊलाच अडून धरलं असतं तरी मी घेतला असता.

आबांच्या कराडच्या स्टुडिओत हाच होता. मी सातवीपासून डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली फोटो हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनातून, काढून धुवायचे, ग्लेझिंगच्या प्लेटवर उपडे चिकटवायचे, वाळले की आपोआप टकटक सुटायचे ते. घरोघरी आग्फाचा क्लिक थ्री असायचा, त्याचे रोल लोक आमच्याकडे धुवायला टाकायचे, ते पण यशिकासारखे एकशेवीस नंबरच्या रुंद फिल्मचेच, बारा फोटो. म्हणजे धुणं, कापणं, पेन्सिलने निगेटिव्हचं टचिंग सगळं मला येत होतं पण यशिकाला हात लावायचा नाही. लग्नाच्या ऑर्डरीला पोरीला कोण बोलावणार असं आबा म्हणायचे, वाईट मनाने नाही, तेव्हा तसंच होतं, आणि कॅमेरा मामाकडे गेला. मामाला त्यात कधीच रस नव्हता. नंतर कलर लॅब आल्या, स्टुडिओ बंद झाला, आणि एन्लार्जर, स्टँड, पडदे सगळ्याबरोबर यशिका पण भंगारात गेला, मला कळलं तेव्हा दोन महिने झाले होते. मामावर आता राग नाही माझा. पण मी तेव्हा रडले होते, तू पोटात होतास.

होमाई व्यारावाला माहितीयत ना तुला, नवसारीच्या, 1913 च्या, आपल्या देशातल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफर. त्या रोलायफ्लेक्स वापरायच्या, म्हणजे या यशिकाचा थोरला भाऊ, जर्मनीत ब्राउनश्वाइगला 1929 पासून बनायला लागलेला, पुढे जपान्यांनी त्याच्याच धर्तीवर हे यशिका काढले. होमाईबाईंचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. पद्मविभूषण मिळालं 2011 मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर बाजूला ठेवून बराच वेळ गॅलरीत उभी होते.

असो. आता तुझ्या कॅमेऱ्याचं.

गेलास की आधी मागचं दार उघड, शटर बी वर ठेव, म्हणजे दाबून धरलंय तोवर ते उघडं राहतं, अपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक पूर्ण उघडं म्हणजे 3.5, शटर दाबून धर आणि मोबाइलचा टॉर्च मागून मारून पुढून दोन लेन्सपैकी खालच्या लेन्समध्ये तिरकं बघ. धूळ दिसली तर सोडून दे, धुळीने काही होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर साफ होते, पण मध्यभागी पसरलेली आणि काच पांढुरकी दिसत असेल तर नको, कारण बुरशीने वरचं कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. बंगळुरात आपल्या कोकणाइतकी दमट हवा नाही, पण कॅमेरा आधी कुठे कुठे फिरलाय काय माहीत. मग फोकसचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, दोन्ही लेन्स बसवलेली पुढची अख्खी फळी सरळ पुढे आली पाहिजे, एक बाजू आधी आणि दुसरी नंतर अशी आली तर कॅमेरा कधीतरी पडलाय, अशाला हात लावू नको, हे घरी नीट होत नाही. लेन्सवर यशिकॉर लिहिलंय की यशिनॉन तेही बघ, जुन्यात यशिकॉर, तीन काचांची, नंतरच्यात यशिनॉन, चार काचांची. पूर्ण उघड्यावर यशिकॉरचे कोपरे मऊ येतात. माझी यशिकॉरच आहे आणि माणसांच्या फोटोला मला ती जास्त आवडते, तेव्हा त्यावरून सोडू नको, फक्त भाव करताना बोल.

शटर. शटरचा खटका ओढायचा, मग बटण दाबायचं, दोन वेगळी कामं आहेत यात. पाचशेचा स्पीड, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, लावायचा असेल तर खटका ओढायच्या आधी लाव, ओढल्यावर नको, त्याला आत जास्तीची स्प्रिंग लागते. सेल्फ टायमरची कळ अजिबात ओढून बघू नको, तो माणूस म्हणाला चालतो तरी नको, जुन्यात ती अर्ध्यात अडकली की अख्खं शटर अडकतं. स्पीड तपासायला तुझा फोन पुरे, स्लो मोशनला 240 फ्रेम घेतो ना, उघड्या दारातून उजेडाकडे तोंड करून शटरचा व्हिडिओ काढ आणि पात्या किती फ्रेम उघड्या आहेत ते मोज. एक सेकंदाला 240, पंधराव्या भागाला सोळा, साठाव्या भागाला चार. एक सेकंदाला तीनशे भरल्या तरी चालेल, पण पात्या उघड्याच राहिल्या तर दोन हजार कमी करायला सांग, कारण तेवढे तुला दुरुस्तीला लागणार.

माझं तेच झालं होतं. आत एक छोटी दातेरी चाकांची गाडी असते, सावकाश स्पीडला तीच वेळ मोजते, तिचं वंगण इतक्या वर्षांनी गोंदासारखं होतं. मी परत कॅमेरावाल्याकडे नाही नेला, आधी एकाकडे दिला होता तर त्याने दीड महिना ठेवून तसाच परत दिला आणि वर एक स्क्रू कमी. मग आपल्या कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी खटका ओढून एक सेकंद लावला, कानाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, वहिनी हे तर गजराच्या घड्याळासारखंच आहे, चाक अडतंय. लायटरमधलं पेट्रोल सुईच्या टोकावर एक थेंब, दुसरा थेंब, आणि मधे वीस पंचवीस वेळा शटर सोडायचं. तेल घातलं नाही, पात्यांना तेल कधीच घालायचं नाही, त्या कोरड्याच चालतात, तेल लागलं की एकमेकींना चिकटतात. तासाभराने कर्रर्र करून नीट एक सेकंद वाजला आणि काकांनी माझ्याकडे बघितलं. पैसे घेत नव्हते, मी दिले.

आता माझी चूक सांगते, ती तू करू नको. आतला आरसा अंधुक होता म्हणून मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पुसला, घरातला आरसा पुसतो तसा, आणि सगळी चांदी कापसावर आली. या आरशाचा मुलामा काचेच्या मागे नसतो, वरच्या बाजूलाच असतो, उघडा. फुंकणीने धूळ उडवायची, बास. शेवटी झेरॉक्स मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे एक मोडीत निघालेलं मशीन होतं, त्यातले आरसे पण असेच वरून मुलामा दिलेले असतात, त्याने एक काढून दिला आणि काचवाल्याकडून मापात कापून घेतला. काचेची जाडी जुन्याएवढीच बघून घे, नाहीतर वर दिसतं एक आणि फिल्मवर येतं दुसरं.

आणि आरसा बदलला नसलास तरी फोकस तपासच, यात कंटाळा करायचा नाही, कारण या कॅमेऱ्यात बघायची लेन्स वरची आणि फोटो काढायची खालची, दोन्हींचं जुळतंय का ते तुलाच बघावं लागणार. मी काय केलं, मागचं दार उघडून जिथून फिल्म जाते त्या दोन पट्ट्यांवर बटर पेपर ताणून चिकटवला, शटर बी वर, केबल रिलीज, म्हणजे शटर दाबायची वायर, लावून लॉक केलं, डोक्यावर काळी शाल घेतली आणि गॅलरीतल्या तुळशीवर धरला. बटर पेपरवर तुळस उलटी लटकलेली, मंजिऱ्या खाली, कुंडी वर, मागे समोरच्यांचा दोरीवरचा टॉवेल पण उलटा हलतोय. वरच्या काचेत मंजिरी स्पष्ट होती आणि खाली बटर पेपरवर स्पष्ट होते कुंडीच्या मागचे गज. म्हणजे चार बोटं मागे फोकस. वरची लेन्स अगदी केसभर फिरवायची, परत बघायचं, परत फिरवायची, मला दोन संध्याकाळी लागल्या. तुझे बाबा चहा घेऊन आले आणि त्यांना शालीखाली घेऊन दाखवलं तर म्हणाले, अगं रंगीत आहे हे! त्यांना वाटलं होतं ब्लॅक अँड व्हाइट कॅमेऱ्यात सगळं ब्लॅक अँड व्हाइटच दिसतं.

चामडं फेव्हिबॉन्डने बसतं, पातळ लाव, पंधरा मिनिटं सुकू दे मग दाब. बाकी चरे, उडालेला रंग, काही करू नको. आणि साफ झाल्यावर कपाटात तांदळाच्या डब्यात वगैरे ठेवू नको, लोक सांगतात, पण तांदळाची धूळ आत जाते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्याला एकदा काढून शटर दोनचार वेळा सोडायचं. चामड्याच्या जुन्या कव्हरमध्ये तर अजिबात ठेवू नको, बुरशी तिथेच वाढते.

रोलची किंमत बघून घाबरशील, एक रोल हजाराच्या घरात आणि फोटो बाराच. आबांच्या वेळी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू असायचा. पण निगेटिव्ह बघ कधी हातात घेऊन, 56 मिलिमीटर बाय 56, छोट्या 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हच्या साडेतीनपटीहून मोठी. आबा तर गावाकडच्या लोकांना ती निगेटिव्हच कागदावर ठेवून तेवढाच फोटो छापून द्यायचे, स्वस्तात पडायचं, आणि त्या दोन इंची फोटोत आजीच्या नथीतले मोती मोजता येतात, आपल्या अल्बममध्ये आहे, दिवाळीला आलास की दाखवते. तू सुरुवात शंभरच्या रोलने कर, हा आकडा म्हणजे फिल्म उजेडाला किती तेज आहे ते. कडक उन्हात अपर्चर 16 आणि स्पीड 125, सावलीत गेलास की अपर्चर तीन पायऱ्या उघडायचं, म्हणजे 5.6. चारशेचा घेतलास तर उन्हात अपर्चर 16 ला पाचशेचा स्पीड लागतो आणि जुन्या शटरचा पाचशे खरा पाचशे नसतो.

माझा पहिला रोल मी घरीच धुतला. डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाची, तयार पुडी नाही आणली, आबांचाच फॉर्म्युला, लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन, डी-76 म्हणतात तोच. मेटॉल आधी विरघळवायचं, सल्फाइट नंतर, उलटं केलं की मेटॉल विरघळतच नाही. सोनाराकडून काटा आणला होता वजनाला. हे आकडे मी कुठे लिहून ठेवले नव्हते, हाताला पाठ होते.

बारातले दहा चांगले आले. एक पूर्ण कोरा. आणि नववा डबल, कारण या कॅमेऱ्यात रोल पुढे न घेता परत खटका ओढला तर तो अडवत नाही, त्याच फिल्मवर दुसरा फोटो पडतो. आबा प्रत्येक फोटोनंतर ओठातल्या ओठात म्हणायचे, काढला की फिरव. मला वाटायचं जप करतात. तू पण सवय लाव, काढला की लगेच मधलं बटण दाबून नॉब अडेपर्यंत फिरवायचा, मगच मान वर करायची. त्या नवव्यात बाबा पेपर वाचतायत आणि त्यांच्या छातीवर आपल्या दाराची कडी आणि तोरण आलंय. फेकला नाही, तोच मोठा करून घेणार आहे.

तर घे म्हणते मी. लेन्स स्वच्छ असेल आणि फळी सरळ असेल तर दहाला घे, आठला मागून बघ आधी. घेतलास की पंधरा दिवस काही उघडू नको, एक रोल टाक, काय बिघडलंय ते फोटोच सांगतील, मग तेवढंच दुरुस्त करायचं. मी आधी उघडला आणि आरसा घालवला.

सोमवारी पार्सल पाठवते. त्यात लेन्स उघडायचा स्पॅनर आहे, फुंकणी, केबल रिलीज, शंभरचे दोन रोल, चिवडा वेगळ्या पिशवीत. आणि एक रिकामा स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळायचं रीळ, पत्र्याचा, तो नीट ठेव. नवा रोल खाली बसतो आणि वर रिकामा स्पूल लागतोच, त्याशिवाय रोल घालता येत नाही आणि जुने कॅमेरे विकणारे नेमका तोच देत नाहीत. हा आबांच्या टेबलाच्या खणात टाचण्यांच्या डबीत होता, टेबल माझ्याकडे आलं म्हणून वाचला. पण फिल्म याच्यावरच गुंडाळून लॅबमध्ये जाणार, आणि ते धुतलं की स्पूल टाकून देतात, तेव्हा रोल देतानाच काउंटरवर सांग की स्पूल परत हवाय, आणि पावतीवर लिहून घे.

तुझी
आई