वही पुन्हा उघडायची तारीख

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नोंदी ठेवण्याच्या 'पद्धती' आणि दिवसाचं नियोजन करून देणारी ॲप यांचं सध्या भरघोस पीक आलं आहे. सांगलीतल्या अभ्यासिकांपासून तासगाव-पलूसच्या बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत कोणी ना कोणी रोज नवं ॲप सुचवत असतं. यांचा खरंच उपयोग होतो का? सरसकट उत्तर नाही. पण एखादी वही कामाची ठरणार की नाही, हे तिची दोन पानं चाळून सांगता येतं. नोंद करतानाच ती पुन्हा कधी आणि कशासाठी उघडायची हे ठरलेलं असेल, तर ती कामाची. नसेल तर ती रद्दी. कागदावरची असो की मोबाइलमधली.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानातली जुन्या पद्धतीची रोजकीर्द घ्या. डावीकडे जमा, उजवीकडे नावे (म्हणजे दिलेली रक्कम) आणि नोंदीसमोर खाते पानासाठी एक अरुंद रकाना. रक्कम खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, चढली की त्या रकान्यात पानाचा आकडा पडतो. रकाना कोरा असेल तर खतावणी राहिली आहे, एवढं दिवाणजींना नुसत्या नजरेने कळतं. संध्याकाळी वहीतली शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड जुळवायची, म्हणजे वही रोज उघडणारच आणि चूक त्याच दिवशी सापडणार. आता हेच काम टॅलीवर चालतं. ॲपवाले 'बाकी कामांची यादी' म्हणून जे विकतात, ते त्या कोऱ्या रकान्यात केव्हाचं होतं.

द्राक्षबागेतल्या फवारणीच्या वहीचं मात्र बऱ्याच ठिकाणी उलटं झालेलं दिसतं. वही असते, भरलेली असते आणि उपयोगाची नसते. '१० तारखेला भुरीचं औषध मारलं, १२०० ग्रॅम' ही नोंद पाहा (भुरी म्हणजे द्राक्षावरचा एक बुरशीरोग). १२०० ग्रॅम टाकीला की एकरी, हे महिन्याभराने लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. ६०० लिटरच्या ब्लोअरला, म्हणजे फवारणी यंत्राच्या टाकीला, १२०० ग्रॅम म्हणजे लिटरला २ ग्रॅम. पण ती टाकी दीड एकराला पुरली असेल तर एकरी ८०० ग्रॅम औषध आणि ४०० लिटर पाणी. तेव्हा लिटरला किती, टाकी किती लिटरची आणि ती किती क्षेत्राला पुरली, हे तीनही आकडे लागतात. दुसरी चूक नुसतं कंपनीचं नाव लिहिण्याची. दोन वेगळ्या डब्यांत घटक एकच असू शकतो; नावं बदलत राहतात, घटक तोच फवारला जातो आणि बुरशीला त्याची सवय होते. म्हणून घटकाचं नाव लेबल पाहून लिहायचं. लेबलचा फोटो काढला तरी चालेल, पण फोटोचा क्रमांक किंवा तारीख वहीत हवी, नाहीतर तो 'शुभ सकाळ'च्या ढिगात गेलाच म्हणून समजा.

तिसरा रकाना छाटणीनंतरच्या दिवसाचा. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, १५ ऑक्टोबरला झाली असेल तर २९ नोव्हेंबर हा ४५वा दिवस. पुढच्या वर्षी छाटणी आठवडाभर मागे-पुढे होते, मग गेल्या वर्षीची नुसती तारीख काय कामाची? दिवस लिहिला असेल तर दोन हंगामांतल्या घडांची अवस्था समोरासमोर ठेवता येते. फवारणी का केली, म्हणजे डाऊनी हा बुरशीरोग दिसला म्हणून, ढगाळ हवा होती म्हणून की शेजाऱ्याने मारलं म्हणून, हेही दोन शब्दांत लिहावं. शेवटचं कारण प्रामाणिकपणे लिहिलं तर वर्षअखेरीला बराच खर्च कुठे गेला ते कळतं!

सगळ्यात महत्त्वाचा रकाना पीएचआयचा, म्हणजे फवारणी आणि काढणी यांत ठेवायच्या किमान दिवसांचा. निर्यातीच्या द्राक्षांसाठी पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी देतं, त्यात हे दिवस असतात. पण वहीत 'पीएचआय ३० दिवस' असं लिहून उपयोग नाही. १० जानेवारीच्या फवारणीसमोर '९ फेब्रुवारी' ही तारीखच लिहायची. दिवस मोजायचं काम फवारणीच्या दिवशी उरकलं की व्यापारी बागेत उभा असताना बोटांवर हिशोब करावा लागत नाही. या रकान्यातली सगळ्यात पुढची तारीख म्हणजे त्या प्लॉटला हात लावायचा पहिला दिवस. आणि जेल पेन नको, पेन्सिल घ्या. ओल्या हातांनी शाई फुटते. रात्री घरी जाऊन आठवणीने लिहू म्हटलं की मात्रा हमखास चुकते.

अभ्यासिकांतल्या मुलांचं दुखणं वेगळं आहे. तिथे नोट्स सुंदर असतात: तीन रंगांची पेनं, पट्टीने मारलेल्या रेषा आणि पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं. हात चालतो आणि डोकं विसावा घेतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचून तीनदा आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४० टक्क्यांवर आले, लिहून काढणारे ६१वर राहिले. पुन्हा पुन्हा वाचल्यावर 'येतंय की' असं वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांचं असतं.

तेव्हा करायचं असं. दोन-तीन पानं पेन खाली ठेवून वाचायची. पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते सात-आठ ओळींत लिहायचं. मग पुस्तक उघडून चुकलेलं, राहिलेलं दुसऱ्या शाईने भरायचं. दुसरा रंग कामाचा आहे तो इथेच. पुढच्या वेळी आधी तेवढंच पाहायचं. पानाच्या डाव्या तिसऱ्या हिश्श्यात प्रश्न, उजवीकडे उत्तर. उजळणीला उजवी बाजू हाताने झाकायची. ही मांडणी कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात रूढ केली. प्रश्न 'पंचायत राज सांगा' असा ढगळ नको. 'पी. बी. पाटील समिती कोणत्या साली नेमली?' असा नेमका हवा. उत्तर १९८४, आणि आपल्याच सांगलीच्या माणसाची समिती असूनही ते इथल्या मुलांचं चुकतं. पानाच्या डोक्यावर उद्याची, चौथ्या दिवसाची आणि पंधरवड्यानंतरची तारीख आधीच टाकून ठेवावी. तारखा नसलेल्या नोट्स परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत कोणी उघडत नाही, आणि तेव्हा त्या वाचायला वेळ नसतो.

कामांच्या याद्यांबद्दल थोडक्यात. यादीत 'सातबारा' एवढंच लिहिलं तर ते आठ दिवस तसंच राहतं, कारण ते कामच नाही, विषय आहे. 'मंगळवारी ११ वाजता, बँकेतून येताना तलाठी कार्यालय, वारसनोंदीचा अर्ज' असं लिहिलं की पाय तिकडे वळतात. यादीत दहाच्या वर ओळी झाल्या की वाचताना डोळा घसरतो. आणि तीनदा पुढे ढकललेली ओळ सरळ खोडावी. ते काम आपण करणार नसतो.

ॲपचे पुरस्कर्ते जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुहमान यांचं उदाहरण हटकून देतात. त्यांच्याकडे सुमारे ९० हजार चिठ्ठ्या होत्या, एकमेकींना क्रमांकांनी जोडलेल्या. खरं आहे. पण ते गृहस्थ अनेक दशकं त्याच चिठ्ठ्यांमधून पुस्तकं लिहीत होते. चिठ्ठी टाकली की तिला जायला जागा होती. वीजबिल, मुलांची फी आणि उसाची तोड एवढाच पसारा असलेल्या घरात तसली जोडाजोडी करायला बसलं तर तेच एक काम होऊन बसतं. रविवारी दुपारी एका ॲपमधून दुसऱ्यात नोंदी हलवत बसणारी मंडळी आठवून पाहा.

आपणास विनंती एवढीच, की पुरवणीत 'पाच उत्तम ॲप' छापण्याऐवजी गोडी छाटणीच्या सुमारास फवारणीच्या वहीचे रकाने छापावेत: प्लॉट, छाटणीनंतरचा दिवस, घटक, लिटरला मात्रा, टाकी व क्षेत्र, कारण आणि काढणी मोकळी होण्याची तारीख. कात्रण वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवता येईल एवढ्या आकाराचं असावं.

आपला,
एक वाचक
विश्रामबाग, सांगली