'किरकोळ जखमी' लिहिताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खंबाटकी घाटाखाली उसाच्या ट्रॉलीवर मोटार आदळल्याची चार ओळींची बातमी आपल्याकडे आली होती. शेवटची ओळ : 'चालक किरकोळ जखमी.' तो चालक माझा धाकटा भाऊ.

ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. (गळीत हंगामात हे रोजचेच, त्यावर वेगळे पत्र लिहीन.) गाडी जुनी, एअरबॅग नाही. छाती स्टिअरिंगवर आपटली, तरी स्वतः उतरला, पाणी प्यायला, मला फोन केला, "अण्णा, गाडी गेली, मी ठीक आहे." अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. पहिल्या दवाखान्यात एक्स-रे काढला, बरगडीला चीर आहे म्हणाले आणि गोळ्या देऊन घरी धाडले. दुसऱ्या दिवशी आपला अंक आला. पाठ दुखतेय म्हणणाऱ्या भावाला 'पेपरात किरकोळ आलंय' म्हणून चिडवणारे आम्हीच.

रात्री खांद्यांच्या मधोमध कळ मारू लागली, तेव्हा साताऱ्याला नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तोच एक्स-रे उजेडाला धरून मधल्या पांढऱ्या सावलीवर बोट ठेवले, "ही एवढी रुंद नसते." सीटी स्कॅनमध्ये महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फाटलेली निघाली, डाव्या हाताची शाखा फुटते तिच्या जरा पुढे. आतले थर गेलेले. बाहेरच्या पापुद्र्याने रक्त अडवून धरलेले. असे बहुतेक जण जागीच जातात म्हणे.

मी ३१ वर्षे एसटी चालवली, त्यामुळे कारण चटकन कळले. करकचून ब्रेक लागला की दांडी धरलेला जागेवर राहतो, मोकळा उभा असलेला पुढे फेकला जातो. धमनीचा खालचा भाग पाठीच्या कण्याला धरून असतो, हृदयाकडची कमान मोकळी. हिसका नेमका त्या सांध्यावर बसतो.

रात्रभर औषधांनी रक्तदाब आणि नाडी खाली ठेवली. मोठ्याने बोलूही देईनात. पूर्वी डावी छाती उघडून, धमनी चिमट्याने बंद करून कापडी नळी शिवत. तेवढ्यात मज्जारज्जूचे रक्त तुटून पाय लुळे पडायची धास्ती असे. भावाला जांघेतल्या रक्तवाहिनीतून कापड लावलेली जाळी फाटलेल्या जागेपर्यंत सरकवली. छातीला एक टाका नाही. डाव्या हाताच्या शाखेचे तोंड थोडे झाकले गेल्याने डाव्या मनगटाची नाडी मंद लागते. चालेल म्हणतात, पण तो दिवसातून दहादा चाचपतो.

आपल्या वार्ताहरांनी 'बाहेरून जखम दिसली नाही' एवढेच लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, सातारा