बाकड्यावर बसणाऱ्यांचे तिकीट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुटी लागली की पुण्या-मुंबईची घरेच्या घरे खोपोली, लोणावळा नाहीतर शिर्डीचा रस्ता धरतात. शिर्डीला तर सकाळी साईदर्शन आणि दुपारी वॉटर पार्क, असा आजीलाही पटेल आणि नातवालाही आवडेल असा बेत जमतो. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले, तेव्हापासून मराठी मध्यमवर्गाला या सहलींची चटक लागली. ते २०२२ मध्ये बंद पडले, पण चटक काही गेली नाही, आणि जाऊही नये. माझे म्हणणे एवढेच आहे की जो माणूस पाण्यात उतरत नाही, पाळण्यात बसत नाही, त्याने पूर्ण तिकीट का भरायचे?

यंदा आम्ही एका वॉटर पार्कला गेलो. बरोबर सासूबाई होत्या. वय पंचाहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरतात, नेसणे सहावारी. खिडकीवर मी विचारले तर आतल्या मुलीने मान वर न करता सांगितले, “काकू, गेटमधून आत आलं की फुल तिकीट.” सासूबाई पैशांकडे बघतच राहिल्या. “अगं, मी काय त्या नळीतून घसरणार आहे? मला कशाला एवढं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मजा अशी की तिथल्याच भिंतीवर उंची मोजायची पट्टी रंगवलेली होती. पट्टीखाली बसणारे पोर फुकट, कारण त्याला राइड झेपणार नाही. मग राइड न झेपणारी आजी फुकट नको, पण अर्ध्या पैशांत तरी का नाही?

बरे, आत गेल्यावर तिला पाण्याला पाय लावायचीही सोय नाही. नायलॉनचा पोशाख असल्याशिवाय पाण्यात यायचे नाही, हा नियम बरोबरच आहे. सुती कपड्यांचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, रंग जातो, आणि पायात घोळणारी साडी लाटांच्या तलावात जिवावर बेतू शकते. पण हाच नियम सांगतो की साडी नेसलेली बाई इथे फक्त बसणार आहे. बसणार तरी कुठे? सावलीतल्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून लोकांनी सकाळीच जागा अडवलेल्या. सासूबाई लॉकरच्या खोलीबाहेर सिमेंटच्या कट्ट्यावर, आमच्या चपला आणि चार मोबाइल सांभाळत दुपारभर बसल्या.

त्यांचा डबाही दारातच काढून घेतला होता. दोन दशम्या आणि दह्यातली चटणी. त्यांना मधुमेह आहे, वेळेवर खावे लागते, हे सांगून झाले. आत मिळणार काय, तर पिझ्झा, फ्रँकी आणि थंड पेय. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये चित्रपटगृहांच्या बाबतीत सांगितले की बाहेरचे खाणे आणू द्यायचे की नाही हे मालकाने ठरवावे. मात्र पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत हवे आणि तान्ह्या मुलांसाठी आईबापांना खाणे नेता यावे. निकाल चित्रपटगृहांपुरता आहे, हे मान्य. पण चित्रपट तीन तासांत संपतो, वॉटर पार्कात माणूस सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा उन्हात असतो. तान्ह्या मुलाला जी सवलत, ती मधुमेही म्हाताऱ्या माणसाला द्यायला काय हरकत आहे?

डिस्नेलँडची कल्पना वॉल्ट डिस्ने यांना कुठे सुचली, हे पार्क चालवणाऱ्यांनी एकदा आठवावे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर आणि बाप शेंगदाणे खात बाकड्यावर. मुलांना आणि मोठ्यांना मिळून मजा करता येईल अशी जागा का नसावी, असे त्यांना तिथे वाटले. म्हणजे डिस्नेलँड एका बसून राहिलेल्या पालकाच्या डोक्यातून निघाले! १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडले तेव्हा प्रवेशाचे पैसे वेगळे होते आणि राइडचे वेगळे. त्यासाठी कुपनांची पुस्तके असत. ती १९८२ मध्ये बंद झाली आणि ‘एकच तिकीट, सगळे काही’ ही पद्धत आली. तरीही डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या १८४३ सालच्या तिवोली या करमणुकीच्या बागेत प्रवेश वेगळा, राइड वेगळी हा हिशेब आजही आहे, आणि जपानच्या फुजी-क्यू हायलँड या पार्कने तर २०१८ मध्ये प्रवेशच मोफत केला. एवढ्या लांब तरी कशाला जायचे? जत्रेत आकाशपाळण्यात बसेल त्याने पैसे द्यायचे, खाली उभे राहून बघणाऱ्याकडे कोणी मागत नाही. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ पासून फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी धावते आहे. कठड्याशी उभे राहून नातवाला हात करणाऱ्या आजीला फुलराणीचे तिकीट कुणी काढायला लावले नाही.

पार्कवाल्यांची बाजूही आहे. पाणी सतत गाळायचे, जीवरक्षक नेमायचे, यंत्रे तपासायची आणि पावसाळ्यात गर्दी ओसरली तरी पगार द्यायचे, हे सोपे नाही. पण २५ जानेवारी २०१८ पासून त्यांच्या प्रवेश तिकिटावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा कराचे रडगाणे आता पुरे. दुसरी सबब अशी की स्वस्त तिकीट काढून लोक हळूच राइडमध्ये बसतील. मनगटावर पट्टा तर प्रत्येकाच्या बांधताच, त्याचा रंग वेगळा ठेवा! प्रत्येक राइडपाशी उंची बघायला माणूस उभा असतोच, तो रंगही बघेल. शिवाय बसून राहिलेला माणूस चहा पितो, भजी खातो, नातवंडांना आइस्क्रीम घेऊन देतो. धंद्याच्या दृष्टीनेही तो वाईट गिऱ्हाईक नाही.

काही पार्कांत ज्येष्ठांना तिकिटात सवलत मिळते, हे खरे. पण प्रश्न नुसत्या वयाचा नाही. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती, गरोदर बाई, पाण्याची भीती असलेली मावशी यांचे काय? दर पत्रकात ‘फक्त सोबत’ अशी एक ओळ वाढवा, लहान मुलांच्या तलावाला लागून पंख्यांची एक शेड घाला आणि तिथल्या खुर्च्या याच पट्ट्यावाल्यांसाठी राखा. आणि हो, त्या शेडजवळ एक तरी कमोड असलेले, पाय न घसरणारे स्वच्छतागृह हवे.

आपली,
एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे