सिनेटर महोदयांना खुलं पत्र: एका मताचा हिशेब

16 फेब्रुवारी 2025

माननीय सिनेटर महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्या कार्यालयाचं उत्तर परवा मिळालं. 22 जानेवारीला मी आपल्याला दोन पानी पत्र लिहिलं होतं आणि त्यात प्रश्न एकच विचारला होता. 6 जानेवारी 2021 ला कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनावर, चालून गेलेल्या सुमारे पंधराशे जणांना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शपथविधीच्या संध्याकाळीच सरसकट माफी देऊन टाकली, ती आपल्याला मान्य आहे का? उत्तरात आपण माझे आभार मानलेत, सार्वजनिक सुरक्षेबद्दलची माझी कळकळ वाखाणलीत आणि सीमेवरच्या बंदोबस्तासाठी आपण काय काय करत आहात ते सविस्तर कळवलंत. माफी हा शब्द तीन परिच्छेदांत एकदाही नाही. खाली छापील सही.

आता हे दुसरं पत्र उघडपणे आणि मराठीत लिहिते आहे. या देशात मत देणारी मराठी माणसं आता कमी नाहीत, त्यांनी हे वाचावं असं वाटतं. शिवाय राग आला की मला मराठीच सुचते.

मी 2011 मध्ये या देशाची नागरिक झाले आणि 2012 पासून दर निवडणुकीला मतदान केंद्रावर काम करते. पहाटे पाचला हजर व्हायचं, रात्री केंद्र बंद होईपर्यंत थांबायचं. पैसे मिळतात, पण पैशासाठी हे काम कोणी करत नाही. आमचं काम कसं चालतं ते आपल्याला सांगायचं आहे, कारण आपण त्याच कामाच्या जोरावर निवडून येता आणि ते कधी जवळून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

2018 ची गोष्ट. मतदान संपलं, यादीतल्या सह्या मोजल्या आणि यंत्रावरचा आकडा पाहिला, तर एकाचा फरक. यादीत एक सही जास्त, यंत्रात एक मत कमी. आम्ही पाच जण. दोन एका पक्षाचे, दोन दुसऱ्या पक्षाचे आणि मी. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. टेबलांखाली, कचऱ्याच्या डब्यात, यंत्राच्या मागे, सगळीकडे शोधलं. रात्री सव्वाअकराला कोपऱ्यातल्या मतदान कक्षाच्या फळीमागे एक मतपत्रिका घसरून पडलेली सापडली. कोणीतरी खुणा करून तिथंच ठेवून निघून गेलं होतं. नियमाप्रमाणे तिची वेगळ्या लिफाफ्यात नोंद केली, पाचही जणांनी सह्या केल्या आणि मग घरी गेलो. एका मतासाठी! त्या रात्री कुणी कुणाला ‘तू कोणत्या पक्षाची’ असं विचारलं नाही.

म्हणून 2020 मध्ये जेव्हा देशाचा राष्ट्राध्यक्ष रोज उठून म्हणू लागला की मतं चोरली, तेव्हा ते मला राजकारण वाटलं नाही. माझ्या सहीवर कोणी थुंकतंय असं वाटलं. साठाहून जास्त दावे न्यायालयांत गेले. एकाही न्यायालयाला निकाल बदलण्याजोगं काही सापडलं नाही, आणि त्यातले काही न्यायाधीश ट्रम्प यांनीच नेमलेले होते. 306 विरुद्ध 232 निर्वाचक मतांनी बायडेन जिंकले. सात दशलक्ष मतांचं अंतर. तरी 2 जानेवारी 2021 ला ट्रम्प यांनी जॉर्जिया राज्याच्या निवडणूक प्रमुखाला फोन करून 11,780 मतं ‘शोधायला’ सांगितलं. महोदय, आम्ही एक मत शोधलं होतं, ते हिशेब लागावा म्हणून. हे शोधणं कसलं होतं ते आपल्यालाही कळतं.

त्या वर्षी मी टपाली मतांच्या मोजणीला होते. काचेच्या पलीकडे एक माणूस फोन घेऊन उभा असायचा. त्यानं माझं चित्रीकरण केलं. मी टेबलाखालून पिशवी काढते आहे एवढंच त्यात दिसतं. त्या पिशवीत माझा डबा होता. चार दिवसांत ते चित्रीकरण कुठल्या कुठं पोचलं, आणि मग घरी फोन सुरू झाले. रात्री दोनला, तीनला. एक बाई नुसती माझ्या मुलीच्या शाळेचं नाव घ्यायची आणि फोन ठेवायची. गाडीच्या काचेवर चिठ्ठी मिळाली, ‘आम्हाला घर माहीत आहे.’ पोलिसांत तक्रार दिली, नोंद झाली, पुढं काही नाही. यजमान म्हणाले, सोड हे काम, आपला देश सोडून आलो ते यासाठी का? अडीच महिने मी पडदे उघडले नाहीत. मुलगी तेव्हा सोळा वर्षांची होती. ती अजूनही अनोळखी क्रमांकाचा फोन घेत नाही.

जॉर्जियातल्या मतमोजणीला असलेल्या रूबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकींचं तर जगणंच उद्ध्वस्त झालं. आईनं मुलीच्या हातात काहीतरी दिलं, ते मतांचं यंत्र बिघडवायचं साधन होतं, असा आरोप ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी केला. ती आल्याची गोळी होती, खोकल्यावर चघळतात तशी. 2023 च्या डिसेंबरात ज्यूरीनं त्या दोघींना 14 कोटी 80 लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. पण आपल्या नावानं हाक मारली तरी दचकावं लागतं, त्याची भरपाई कशी करणार? मला तर कोणी विचारलंही नाही.

आता 6 जानेवारीबद्दल. आमच्या भाषेत ‘उठाव’ हा मानाचा शब्द आहे. 1857 साठी आम्ही तो वापरतो, जुलमी सत्तेविरुद्ध लोक उठले म्हणून. वॉशिंग्टनमध्ये सत्तेवरचा माणूस हरला आणि त्याची सत्ता टिकावी म्हणून जमाव चालून गेला. त्याला दंगल म्हणणं कमी पडतं आणि उठाव म्हणवत नाही. मी त्याला मतपेट्यांवरचा दरोडा म्हणते, कारण आत चाललं होतं ते मोजणीचंच काम होतं. लाकडी पेट्यांमध्ये राज्यांच्या निकालांची प्रमाणपत्रं होती आणि सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी पळता पळता त्या पेट्या उचलून नेल्या म्हणून वाचल्या. त्या कर्मचाऱ्यांना मी मनातल्या मनात कितीदा नमस्कार केला असेल. आमच्यातलीच माणसं ती! बाहेर फासाचा सांगाडा उभा होता आणि उपराष्ट्राध्यक्षांना फाशी द्या अशा घोषणा चालल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष 187 मिनिटं टीव्हीसमोर बसून होते. सुमारे 140 पोलीस जखमी झाले. एक जण दारात चिरडला जात असताना ओरडत होता, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तिथं तैनात असलेल्या चार पोलिसांनी पुढच्या सात महिन्यांत आत्महत्या केली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मतदारांना पत्र पाठवलंत. माझ्याकडे ते जपून ठेवलेलं आहे. ‘दोषी कोणीही असो, शिक्षा झाल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.’ तुमचं वाक्य आहे हे, आणि तेव्हा मी त्यावर विश्वास ठेवला. यजमानांना वाचून दाखवलं आणि मी म्हणाले, बघा, माणूस बोलला.

मग काय झालं ते तारखांसह सांगते. 13 फेब्रुवारी 2021 ला ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाचं मतदान झालं, 57 विरुद्ध 43. दोषी ठरवायला 67 लागतात. तुम्ही त्या 43 मध्ये. तुमचे तेव्हाचे नेते मिच मॅकॉनेल यांनी स्वतः निर्दोष असं मत दिलं आणि लगेच उभं राहून सांगितलं की घडल्या प्रकाराला ट्रम्पच जबाबदार आहेत, पण आता ते पदावर नाहीत, त्यांच्यासाठी न्यायालयं आहेत. मे महिन्यात स्वतंत्र चौकशी आयोगाचं विधेयक खालच्या सभागृहातून 252 मतांनी तुमच्याकडे आलं. 54 बाजूनं, 35 विरोधात, आणि लागणारी 60 मतं नाहीत म्हणून ते तिथंच मेलं. तुम्ही त्या 35 मध्येही. मग खालच्या सभागृहानं स्वतःची समिती नेमली, तर तिच्या उपाध्यक्ष लिझ चेनी यांना त्यांच्याच पक्षानं घरी बसवलं. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की शपथ घेऊन बंडात सामील झालेल्याला पद नाही हे चौदाव्या घटनादुरुस्तीतलं कलम राज्यांनी केंद्रीय पदाला लावायचं नाही, ते काँग्रेसचं काम. म्हणजे फिरून तुमच्याच दारात. तुम्ही दार उघडलं नाहीत. 1 जुलैला त्याच न्यायालयानं 6 विरुद्ध 3 नं राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कामांसाठी खटल्यापासून संरक्षण दिलं. नोव्हेंबरात ट्रम्प पुन्हा निवडून आले आणि 25 तारखेला सरकारी वकिलांनी 2020 चा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नाबद्दल त्यांच्यावर भरलेला खटलाच मागे घेतला, कारण पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर खटला चालवत नाहीत.

सिनेट म्हणतं न्यायालय बघेल, न्यायालय म्हणतं काँग्रेस बघेल, काँग्रेस म्हणते लोक बघतील. चार वर्षं ही टोलवाटोलवी चालली. आमच्या केंद्रावर असं कोणी केलं असतं तर त्याला दुसऱ्या निवडणुकीला बोलावलं नसतं.

एक गोष्ट मान्य करते. डिसेंबर 2022 मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून 1887 चा मोजणीचा कायदा दुरुस्त केला. उपराष्ट्राध्यक्षाला निकाल फिरवता येत नाही हे स्पष्ट लिहिलं आणि हरकत घ्यायला दोन्ही सभागृहांतले एकपंचमांश सदस्य लागतील असं केलं. चांगलं झालं. पण दाराला कुलूप लावलं आणि दार फोडणाऱ्यांना सोडून दिलं, तर त्या कुलपाची भीती कोणाला?

कारण सोडून दिलंत, महोदय. हजाराहून जास्त लोकांनी स्वतः गुन्हा कबूल केला होता. राजद्रोहाच्या कटासाठी 22 वर्षांची शिक्षा झालेला, ‘प्राउड बॉइज’ या कडव्या गटाचा म्होरक्या एनरिके टारियो पूर्ण माफी घेऊन बाहेर आला. 18 वर्षांची शिक्षा झालेला, ‘ओथ कीपर्स’ या तशाच गटाचा म्होरक्या स्ट्यूअर्ट रोड्सही सुटला. पोलिसांना काठ्यांनी मारणारेही सुटले. तेव्हाचे भावी उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स 12 जानेवारीला म्हणाले होते की हिंसा करणाऱ्यांना अर्थातच माफी मिळू नये. तो शब्द आठ दिवस टिकला. तुमचा चार वर्षं टिकला असं समजून मी पत्र लिहिलं, तर तुम्ही मला सीमेवरच्या कुंपणाची माहिती पाठवलीत.

ब्राझीलमध्ये 8 जानेवारी 2023 ला तसंच झालं, आणि तिथल्या निवडणूक न्यायालयानं सहा महिन्यांच्या आत, मतदान यंत्रणेवर खोटे आरोप केल्याबद्दल, माजी राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंना 2030 पर्यंत अपात्र ठरवलं. दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्षानं एका रात्री लष्करी कायदा लावला, तर खासदार भिंतीवरून उड्या मारून सभागृहात पोचले आणि त्यांनी तो रात्रीच उठवला. आज तो राष्ट्राध्यक्ष तुरुंगात आहे. जगाला लोकशाही शिकवणारे आपण, आणि आपल्याला पोलिसांच्या नावाची पाटी लावणं जमत नाही. हो, ती पाटी! मार्च 2022 मध्ये तुम्हीच कायदा केलात की त्या दिवशी लढलेल्या पोलिसांच्या सन्मानाची पाटी वर्षभरात कॅपिटॉलच्या पश्चिम बाजूला लागेल. आजही भिंत कोरी आहे.

चारच दिवसांपूर्वी मी वाणसामान घ्यायला गेले होते. काचेपलीकडे फोन घेऊन उभा राहणारा तो माणूस रांगेत माझ्या पुढं होता. नंतर तो कॅपिटॉलमध्येही गेला होता, गुन्हा कबूल करून शिक्षा भोगून आला होता, आणि आता माफीनं तीही पुसली गेली. त्यानं मला ओळखलं. पैसे देऊन झाल्यावर वळला आणि अगदी सौम्यपणे म्हणाला, ‘यंदाही मोजणीला असणार ना तुम्ही?’ एवढंच. धमकी म्हणून हे कुठं नोंदवू? माझ्या हातातून कांद्यांची जाळी निसटली आणि कांदे घरंगळत गेले. मी ते उचलायला वाकले, तर गुडघे सरळ होईनात.

नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी शंभर प्रश्न पाठ केले होते. बारावा होता, कायद्याचं राज्य म्हणजे काय? उत्तर, कोणीही कायद्याच्या वर नाही. स्वयंपाकघरात फळीवर चिकटवलं होतं ते. मग शपथ घेतली, देशाच्या घटनेचं परक्या आणि घरच्या सर्व शत्रूंपासून रक्षण करीन. तुमच्या शपथेतही हेच शब्द आहेत. ‘घरच्या’ हा शब्द तुम्ही कोणत्या तोंडानं उच्चारलात ते मला समजून घ्यायचं आहे.

मागणं फार नाही. 2020 ची निवडणूक स्वच्छ होती हे सभागृहात उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगा. पोलिसांवर हात टाकणाऱ्यांच्या माफीला तुमचा विरोध आहे की नाही ते हो किंवा नाही मध्ये कळवा. ती पाटी लावून घ्या. आणि आमच्यासारख्या मतदान कर्मचाऱ्यांना धमकावणं हा केंद्राचा स्वतंत्र गुन्हा ठरवणारं विधेयक आणा. यापुढचं उत्तर छापील सहीचं नको.

वसंतातल्या स्थानिक निवडणुकीच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलंय. 28 फेब्रुवारीपर्यंत होकार कळवायचाय. यजमान काही बोलत नाहीत, नुसते कागदाकडे बघतात. मुलीनं काल फोनवर विचारलं, ‘आई, तू जाणार आहेस?’ मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही. तारखेच्या आत तुमचं आलं, तर देता येईल.

आपल्या राज्यातली एक मतदार आणि मतदान केंद्रावरची कर्मचारी