रिंग वाजते, माणूस दिसत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नवीन मोबाईल कितीला नि कॅमेरा किती मेगापिक्सेल हे नेमानं येतं, मी वाचतो पण, पण घरातल्या त्या लुकलुकणाऱ्या डब्यातून व्हिडिओ कॉल बाहेर का जात नाही हे कुणी लिहीत नाही म्हणून शेवटी मीच बसलो लिहायला. मी काही इंजिनियर नाही. 34 वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली बरीचशी बीटवर, सायकल हाणत.

आमच्याकडं कसं आहे, आई 84 ची आणि मामा बडोद्याला दांडिया बाजारात, 79 चे. दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला दोघं व्हिडिओवर भेंड्या लावतात. मामांना फोनवर नीट दिसत नाही म्हणून त्यांच्याकडं मोठा स्क्रीन, आमच्याकडं लॅपटॉप. मुलीच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावून हे दोन वर्षं बरं चाललं होतं. मग मुलगी नोकरीला गेली, तिचा मोबाईल गेला, आणि आम्ही फायबर घेतलं, 100 एमबीपीएसचं, आणि त्या शनिवारपासून भेंड्या बंद. म्हणजे रिंग जायची, मामा उचलायचे, पण स्क्रीनवर नुसतं ते गोल फिरत राहायचं आणि मिनिटाभरानं कॉल तुटायचा. आई म्हणायची, दादूस रागावलाय का रे माझ्यावर?

कस्टमर केअरला फोन केला. राउटर बंद करून चालू करा. केला. परत फोन, परत तेच. चौथ्या वेळेला मी सांगितलं की ताई, डब्याचं बटण झिजायला लागलंय आता, तेव्हा कुठं माणूस पाठवला. त्या पोरानं आल्या आल्या स्पीड टेस्ट लावली, 94 दाखवलं आणि म्हणाला काका स्पीड फुल्ल आहे, प्रॉब्लेम तुमच्या ॲपचा. यूट्यूब चालतंय, बँक चालते, लाईटबिल भरलं जातंय, मग माझं म्हणणं खोटंच ठरलं की. सही घेऊन गेला.

शेवटी पुतणी आली सांगलीहून, ती कॉम्प्युटरला आहे. तिनं मला जे समजावलं ते मी माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो, कारण मला ते तसंच कळलं.

आपल्या घरातल्या मोबाईल-लॅपटॉपला जो नंबर असतो, 192.168 नं सुरू होणारा, तो घरापुरताच. तसले नंबर लाखो घरांत सारखेच. जुन्या वाड्यात कसं दहा भाडेकरू आणि पत्ता एकच, मालकाच्या मार्फत, तसं. राउटर म्हणजे तो मालक. आतून कुणी पत्र टाकलं की तो वहीत नोंद करतो, उत्तर आलं की बरोबर त्या खोलीत देतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं की वहीत नाव नाही म्हणून दारातूनच परत. व्हिडिओ कॉलमध्ये तर दोन्हीकडं असेच वाडे, त्यामुळं दोघांनी एकाच वेळी आतून पत्रं टाकायची आणि ती एकमेकांना उत्तरं वाटली पाहिजेत अशी ही कसरत. त्यासाठी ॲप आधी बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतं की बाबा माझा पत्ता तिकडून काय दिसतो, त्याला स्टन म्हणतात. तेही जमलं नाही तर मधे एक मध्यस्थ ठेवून सगळं त्याच्या हातून पाठवायचं, तो टर्न.

आता आमच्याकडं मार्फत किती निघाल्या बघा. पहिली कंपनीचा डबा. दुसरी मी हौसेनं 1800 रुपयांना आणलेला राउटर, आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून, तो मी तसाच मागं जोडलेला. आणि तिसरी कंपनीच्या ऑफिसात, कारण पुतणीनं डब्याच्या स्टेटस पानावरचा बाहेरचा नंबर बघितला तर तो 100.72 नं सुरू होत होता, आणि 100.64 ते 100.127 हे नंबर 2012 पासून मुद्दाम याच कामासाठी बाजूला काढून ठेवलेत, म्हणजे शेकडो गिऱ्हाइकांत एकच खरा पत्ता वाटून द्यायचा. याला सीजीनॅट म्हणतात. मी पैसे भरतोय आख्ख्या कनेक्शनचे आणि माझ्या घराला स्वतःचा पत्ताच नाही! हे कनेक्शन देताना कुणी सांगितलं होतं? कुणी नाही.

याला कारण पण आहे, कंपनीला उगाच शिव्या देत नाही. जुने पत्ते 32 बिटचे, सगळे मिळून साधारण 429 कोटी, त्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी 2011 मध्येच वाटून संपले. (आपला पिन कोड 15 ऑगस्ट 1972 चा, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणलेला, सहा आकडी, तो अजून पुरतोय. हे आपलं जाता जाता, खात्याचा अभिमान.) नवे पत्ते 128 बिटचे, आयपीव्ही सिक्स, ते कधी संपायचे नाहीत आणि मोबाईलवाल्यांनी ते आपल्याकडं केव्हाच वापरात आणलेत. आमच्या डब्यात मात्र तो खटका बंद करून ठेवलेला.

माझा राउटर आम्ही घरीच सुधारला. त्याची वायर वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या लाईनच्या भोकातून काढून लॅनच्या, म्हणजे घरातल्या जोडणीच्या भोकात घातली, नंबर वाटायचं त्याचं काम बंद केलं, म्हणजे तो आता नुसता वायफाय पसरतो, मधे मधे करत नाही. एक मार्फत कमी झाली पण कॉल काही लागेना. खरा अडसर पुढच्या डब्यात होता आणि तिथं सेटिंग बदलायला गेलो तर पासवर्ड कंपनीकडं. मागच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकला की वायफायचं नाव बदलता येतं, बाकी सगळं कुलूपबंद. केअरवाल्या म्हणाल्या पासवर्ड देता येत नाही, स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतंत्र आणि न बदलणारा पत्ता घ्या, महिन्याला जादा पैसे.

एकानं सल्ला दिला डीएमझेड लावून टाका, म्हणजे बाहेरून येणारं सगळं न अडवता एका यंत्राकडं सोडायचं, पुतणी म्हणाली काका म्हणजे दारच काढून ठेवायचं, अजिबात नाही.

11 दिवसांनी दुसरा टेक्निशियन आला. बिचारा भला होता. लॅपटॉपसमोर असा बसला की त्याच्या पाठीआड कीबोर्ड झाकला जावा, पासवर्ड टाकला, आणि पुतणीनं सांगितलेल्या पानावर गेला. फायरवॉल, म्हणजे काय जाऊ-येऊ द्यायचं ते ठरवणारा डब्यातला पहारेकरी, त्याची लेव्हल, हाय. बसवताना कुणीतरी हाय ठेवलेली. आता परत टपाल खातं. वेबसाईट, बँक हे सगळं पूर्वीच्या रजिस्टर एडीसारखं, प्रत्येक तुकड्याची पोच येणार. कॉलचा आवाज आणि चेहरा जातो साध्या टपालानं, यूडीपी म्हणतात, एखादा तुकडा हरवला तर हरवला, त्याच्यासाठी थांबायचं नाही, थांबलं तर बोलणं अडखळतं. आणि आमच्या डब्यात हायचा अर्थ होता, रजिस्टर तेवढं जाऊ द्या, साधं टपाल अडवा. रिंगचा निरोप रजिस्टरनं जातो म्हणून रिंग वाजायची! त्यानं हायचं मीडियम केलं, आयपीव्ही सिक्स चालू केलं, दोन मिनिटं लागली असतील. दोन महिने आणि दोन मिनिटं.

माझं म्हणणं एवढंच आहे की कनेक्शन देताना फॉर्मवर एक ओळ लिहा, पत्ता स्वतंत्र की सामायिक. माझ्या घरातल्या डब्याची किल्ली मागितली तर मला द्या, किंवा तो डबा ब्रिज मोडवर टाकून द्या, म्हणजे तो मालकी न करता नुसती लाईन माझ्या राउटरला देईल, पुढचं माझं मी बघीन. आणि स्पीड टेस्ट दाखवून तक्रार बंद करायची ही पद्धत थांबवा. व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस खूप झाले, पण ते जायला पण पाहिजेत आणि यायला पण. सरकारनं जानेवारी 2023 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएस केली, चांगलं झालं, पण त्यात डाउनलोडच धरलंय, अपलोडचं नावच नाही. नुसतं आलेलं टपाल वाटायचं आणि पेटीतलं उचलायचंच नाही, असं पोस्ट चालवलं असतं तर लोकांनी आम्हाला उभं केलं नसतं.

मोबाईलच्या किमतींशेजारी चार बोटं जागा या विषयाला पण द्या, आमच्या गल्लीत तीन घरांत अजून फायरवॉल हायवर आहे, मी जाऊन बघून आलोय.

आता शनिवारचं परत सुरू झालंय. मागच्या वेळी मामांनी आईवर ‘ळ’ आणला आणि तो धरायचा की नाही यावरून पाऊण तास भांडण, एक शब्द तुटला नाही.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, मिरज 416410